कापून टाकलेल्या गाड्या

पत्र थोडक्यात असं आहे. वाचक चाळिशीतल्या आहेत, सहा-सात वर्षं हौसेने फोटोग्राफी करतायत. नवरा, अकरा वर्षांची मुलगी आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे सासरे यांच्यासोबत केनिया आणि टांझानियाला नऊ दिवसांची सफारी करून आल्या. सहा हजार चारशे फोटो आणले. घरी मंडळींना टीव्हीवर दाखवायला बसल्या तर चाळिसाव्या फोटोपासून लोक मोबाइल बघायला लागले आणि एका मैत्रिणीने "छान आहेत गं, अगदी कॅलेंडरसारखे" असं म्हटलं, ते त्यांना लागलंय. त्या लिहितात, "माझे फोटो शार्प आहेत, लाइट चांगला आहे, चित्त्याच्या फोटोत तर आजूबाजूच्या पंधरा-सोळा गाड्या मी तासनतास बसून क्रॉप आणि क्लीन केल्या, तरी त्यात काहीतरी नाहीये. स्टोरी नाहीये. बिग फाइव्हमधले चार झाले, गेंडा राहिला. ४०० एमएमची लेन्स कमी पडली असं वाटतं. ६०० एमएम घेऊन पुढच्या वर्षी मायग्रेशनला, म्हणजे विल्डबीस्टच्या स्थलांतराला, परत जावं का? आणि मसाई गावातले फोटो मला स्वतःलाच बघवत नाहीत, का ते कळत नाही. सासऱ्यांचा तर सगळा खर्च वायाच गेला म्हणायचा, पूर्ण वेळ ड्रायव्हरशी गप्पा मारत होते, एकदा समोर सिंह असताना हे खिडकीतून खाली वाकून शेणकिडा बघत होते. ताई, फोटोतून गोष्ट सांगायची म्हणजे नक्की काय करायचं?"

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना हसू आलं, म्हणजे तुमच्यावर नाही हं, पण तुम्ही विचारताय गोष्ट कुठे आहे आणि पत्रात तीन ठिकाणी ती स्वतःच सांगून मोकळ्या झालायत, फक्त ती तिन्ही ठिकाणं तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीयत.

लेन्सचं आधी उरकते कारण तो प्रश्न सोपा आहे. घेऊ नका. निदान या कारणासाठी तरी नको. पक्षी हा तुमचा जीव की प्राण असता तर वेगळं बोलले असते, लांबच्या झाडावरच्या गरुडाला ६०० लागतेच, आणि तेव्हाही आधी भाड्याने घेऊन बघा म्हटलं असतं. पण ६०० करते काय, तर जे समोर आहे त्यातला अजून छोटा तुकडा उचलते. तुमचे फोटो कॅलेंडरसारखे दिसतात ते प्राणी लांब राहिला म्हणून नाही, प्राण्याच्या भोवतीचं सगळं गेलं म्हणून. ४०० ने जेवढं बाहेर ठेवलंत त्याहून जास्त ६०० ने बाहेर ठेवाल. शिवाय दुपारी तापलेल्या गवतावरून हवा थरथरत असते ना, तेव्हा दोनशे मीटरवरचा प्राणी कितीही महागड्या लेन्समधून पाण्यातून बघितल्यासारखाच येतो. त्याला इलाज जवळ जाणं किंवा सकाळची वाट बघणं, दुकानात तो मिळत नाही.

आता चित्ता.

तुम्ही लिहिलंय की पंधरा-सोळा गाड्या होत्या आणि त्या काढायला तासनतास बसलात. मला तो मूळ फोटो बघायला आवडेल. खरंच. कारण माझ्या मते तुमच्या सहा हजार चारशे फोटोंमधली सगळ्यात मोठी गोष्ट त्यात होती आणि ती तुम्ही फार मेहनतीने पुसलीत. केनियातल्या मसाई मारा अभयारण्यातल्या चित्त्यांवरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला, त्यात असं दिसलं की जिथे पर्यटकांच्या गाड्या फार तिथे चित्त्याच्या मादीची एका वेतातली सरासरी ०.२ पिल्लं स्वतंत्र होईपर्यंत जगतात, आणि जिथे गाड्या कमी तिथे २.३. हे वाचून मी थोडा वेळ गप्प बसले होते कारण मीही अशा घोळक्यातल्या एका गाडीत उभी राहिलेली आहे, टपावर कोपर टेकून, पुढची गाडी जरा सरकली तर बरं म्हणत. तुमचा क्रॉप केलेला चित्ता सांगतो की हा प्राणी सुंदर आहे, ते सगळ्यांना माहितीच असतं. क्रॉप न केलेला चित्ता सांगतो की याच्याभोवती सोळा गाड्या आहेत आणि हा फोटो सतराव्या गाडीतून काढलाय, म्हणजे तुमच्या. तो बघताना कोणी मोबाइल काढणार नाही. कदाचित अस्वस्थ होतील, तुम्हीही व्हाल, पण तुम्ही गोष्ट मागितलीत ना.

उलटं उदाहरण देते. २०१३ साली नॅशनल जिओग्राफिकमध्ये स्टीव्ह विंटर यांनी काढलेला एक फोटो आला होता, लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधला पी-२२ नावाचा माउंटन लायन रात्री चालत चाललाय आणि मागे टेकडीवर हॉलिवूडची ती प्रसिद्ध पाटी. त्यासाठी कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावून पंधरा महिने वाट बघितली होती. आता ती पाटी कापून टाका, काय उरतं? एक मांजरवर्गीय प्राणी, छान, शार्प. पाटी आहे म्हणून कळतं की हा एकटा नर दोन मोठे फ्रीवे ओलांडून शहराच्या मधोमध येऊन अडकलाय आणि तिथून पुढे प्रश्नच प्रश्न सुरू होतात, हा खातो काय, याला जोडीदार मिळणार कुठून, लोकांना माहितीये का हा इथे आहे. प्राण्यांसाठी तिथल्या एका फ्रीवेवरून पूल बांधायचं काम २०२२ मध्ये सुरू झालं. एका फोटोने पूल होत नाही, मला माहितीये, पण लोकांच्या डोक्यात जो पी-२२ बसला तो त्या पाटीसकट बसला.

तुमच्या बिग फाइव्हबद्दलही जरा बोलायचंय. ही यादी शिकाऱ्यांची आहे. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि केप बफेलो, म्हणजे पायी जाऊन मारायला सगळ्यात अवघड आणि धोक्याचे पाच. सुंदर पाच किंवा महत्त्वाचे पाच असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. जिराफ त्यात नाही, चित्ता नाही, विल्डबीस्ट तर नाहीच नाही. बंदुका गेल्या, यादी राहिली आणि आता आपण ती कॅमेऱ्याने पुरी करत फिरतो. तसं बघितलं तर वाइल्डलाइफ फोटोग्राफीची सुरुवातच तिथून झालीय, नॅशनल जिओग्राफिकने १९०६ च्या जुलै अंकात जॉर्ज शायरस यांचे प्राण्यांचे ७४ फोटो छापले, त्यातले कितीतरी रात्री फ्लॅश लावून काढलेले, हे शायरस आधी शिकारीच होते. आपली मराठीही मजेशीर आहे बघा, आपण फोटो 'टिपतो' म्हणतो, शिकारी सावज टिपतो आणि चिमणी दाणेही टिपते. तुमच्या नऊ दिवसांत कुठलं टिपणं जास्त झालं ते तुम्हीच ठरवा.

आणि सफारी या शब्दात प्राणी नाहीच मुळी. स्वाहिलीत सफारी म्हणजे नुसता प्रवास, शब्द अरबीतून तिथे गेला आणि तोच आपल्याकडे फारसीतून सफर होऊन आला. म्हणजे तुम्ही सफरीला गेला होतात आणि फोटो फक्त थांब्यांचे आणलेत.

गेंडा राहिला म्हणता म्हणून एका गेंड्याचं सांगते. २००९ साली चेक प्रजासत्ताकातल्या एका प्राणिसंग्रहालयातून चार नॉर्दर्न व्हाइट गेंडे केनियात ओल पेजेटा अभयारण्यात आणले, तेव्हा बर्फात ते निघाले तिथपासून एमी व्हिताली ही फोटोग्राफर त्यांच्या मागे होती. त्यातला सुदान हा त्या उपप्रजातीचा शेवटचा नर, मार्च २०१८ मध्ये गेला. एमीचा सगळ्यांच्या लक्षात राहिलेला फोटो त्याच्या शेवटच्या दिवसाचा आहे, त्याचा राखणदार त्याच्या डोक्याला डोकं लावून बसलाय. बस्स. पळापळ नाही, शिंगाचा थाट नाही, सोनेरी प्रकाशही नाही. पण आठ वर्षं ती परत परत जात राहिली होती आणि म्हणून ती त्या जागी उभी राहू शकली. मी तुम्हाला आठ वर्षं द्या म्हणत नाहीये, तुमची सुट्टी नऊ दिवसांची होती. पण नऊ दिवसांत पाच प्राणी धावत गाठण्यापेक्षा एका कळपापाशी तीन सकाळी जाणं जमलं असतं. सिंह दिवसातले सोळा ते वीस तास झोपून किंवा पडून असतात, सगळ्या गाड्या दहा मिनिटांत कंटाळून निघून जातात आणि मग पुढच्या दोन तासांत जे थोडंसं घडतं ना, कान हलणं, एका मादीने उठून दुसरीच्या अंगावर जाऊन परत झोपणं, पिल्लाने शेपटी चावणं, ते फक्त थांबलेल्याला मिळतं.

यात गाइडचा दोष नसतो, हेही सांगते, कारण लोक लगेच गाइडवर घसरतात. रेडिओवर बिबट्या दिसल्याचं आलं की तो गाडी पिटाळतो कारण पाहुण्यांना यादी पुरी करायची असते, नाही दाखवलं तर तोंडं पडतात आणि ते त्याला महागात जातं. तुम्ही पहिल्याच संध्याकाळी शांतपणे सांगायचं, आम्हाला यादी नकोय, जिथे तुला स्वतःला थांबावंसं वाटेल तिथे थांब, इंजिन बंद करू आणि तू सांग काय चाललंय. मी एकदा असं सांगितलं तर त्या माणसाने माझ्याकडे वळून बघितलं आणि विचारलं, "नक्की?" आणि मग तो आम्हाला एका साध्या पाणवठ्यावर घेऊन गेला जिथे दुसरी एकही गाडी नव्हती. तिथले माझे फोटो विशेष नाहीत हो, हात थरथरत होते, पण हत्तीच्या कळपात आधी कोण पाणी पितं आणि कोण मागे थांबतं हे त्याने सांगितलं ते मी अजून विसरले नाहीये.

मसाई गावातले फोटो का बघवत नाहीत, याचं उत्तर तुमच्या मनाला माहीत असावं. मी अंदाज करते, चुकला तर सोडून द्या. उंच उड्यांचा नाच, अंगावर गुंडाळलेली लाल शुका, मण्यांचे दागिने, लहान मुलाच्या चेहऱ्यावर बसलेली माशी, आणि एकाही माणसाचं नाव तुम्हाला माहीत नाही. त्यातल्या कुणाच्या तरी कमरेला मोबाइल असेल तर तोही फ्रेमबाहेर ठेवलात, कारण तो 'खऱ्या' चित्रात बसत नव्हता. म्हणजे तिथेही गाड्याच कापल्यात. नाच पैसे घेऊन केलेला होता, त्यात वाईट काहीच नाही, ते त्यांचं काम आहे आणि बहुतेक ते चांगलंच करतात, पण तुमचा फोटो असं भासवतो की तुम्ही तिथे नव्हतातच आणि ते कुणासाठीच नाचत नव्हते. ते खोटं तुम्हाला टोचतंय. टोचतंय हे बरंय.

यामागे मोठी गोष्टही आहे. टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानातल्या मसाई लोकांना १९५९ साली तिथून बाहेर हलवलं गेलं, शेजारच्या न्गोरोन्गोरोच्या भागात. आपल्या फोटोत जे माणसाचा मागमूस नसलेलं अथांग गवताळ रान येतं, ते तसं केलं गेलेलं आहे, फ्रेम आपल्या आधीच कुणीतरी क्रॉप करून ठेवलीय. आणि तिकडे केनियात मारा रिझर्व्हच्या कडेने ज्या कन्झर्व्हन्सी, म्हणजे प्राण्यांसाठी राखलेल्या खाजगी जमिनी, आहेत तिथली जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची, ती ते भाड्याने देतात, त्यामुळे तुमची गाडी चालवणारा माणूस कदाचित तुम्ही ज्या गवतावर उभे होतात त्याच्या मालकांपैकीही असू शकतो. तुम्ही विचारलं होतंत का? तुमच्या सासऱ्यांनी विचारलं असेल, असा मला दाट संशय आहे.

पुढच्या वेळी माणसांचे फोटो काढताना कॅमेरा खाली ठेवून आधी नाव विचारा, आणि नाव लिहून घ्या, उच्चार नाही कळला तर त्यांनाच वहीत लिहायला सांगा. फोटो काढून झाल्यावर स्क्रीनवर दाखवा, नको म्हणाले तर त्यांच्यासमोर डिलीट करा. पाठवते म्हटलंत तर पाठवा. लहान मुलांचा फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय नाही, कितीही गोड असली तरी. आणि त्यांना तुमचा फोटो काढायला द्या ना एखादा! मुलीला कॅमेऱ्याच्या समोर उभं करा आणि त्या गावातल्या पोराला बटण दाबू दे, तुम्ही कशा दिसता तिथे, हे त्याच्या नजरेतून बघायला मिळेल, आणि ते बघणं फार सुखाचं नसेल पण इंटरेस्टिंग असेल.

आता जे हातात आहे त्याचं काय करायचं. परत जाण्याआधी हे करा, कारण मला वाटतं सहा हजार चारशेमध्ये माल भरपूर आहे. काहीही डिलीट करू नका. क्रॉप केलेले सगळे मूळ रूपात परत आणा. मग ते फोटो शोधा जे तुम्ही 'खराब' म्हणून बाजूला टाकलेत, ज्यात गाडीचा आरसा आलाय, धूळ आलीय, मुलीचं डोकं मधे आलंय, ड्रायव्हरचा हात काहीतरी दाखवतोय. त्यातले साठ-सत्तर छोट्या आकारात प्रिंट करून जमिनीवर पसरा, स्क्रीनवर नको, स्क्रीनवर आपण शार्पनेस बघत बसतो. आणि आता दोन फोटो शेजारी ठेवून त्यांच्यामध्ये एक शब्द म्हणून बघा. 'आणि' म्हणावं लागत असेल, म्हणजे सिंह आणि हत्ती आणि जिराफ, तर ती यादी झाली, मंडळी मोबाइल काढणारच. 'पण' किंवा 'म्हणून' म्हणता येत असेल तर तिथे गोष्टीचा सांधा आहे. चित्ता दिसला, म्हणून सोळा गाड्या आल्या, पण तो... पुढचं मला माहीत नाही, तुम्ही तिथे होतात. तो उठून गेला का? शिकार सोडून दिली का? तो कशाकडे बघत होता? हे तुम्हाला आठवत नसेल तर मला वाटतं खरी अडचण ही आहे, की तुम्ही पूर्ण वेळ व्ह्यूफाइंडरमधून डोळ्याच्या फोकसकडे बघत होतात. म्हणून म्हणते की काहीही दिसलं की पहिली पाच मिनिटं कॅमेरा मांडीवर. चुकेल काहीतरी, चुकू दे.

बारा फोटोंवर थांबा. बारा म्हणजे काही शास्त्र नाही, मला स्वतःला वीसचं सांभाळता येत नाही एवढंच. त्यात दोन-तीन तरी वाइड हवेत, २४ किंवा ३५ एमएमच्या लेन्सने काढलेले, फोनने काढलेले असले तरी चालेल, ज्यात प्राणी छोटा आणि जागा मोठी आहे. एखादा हातांचा. एखादा हललेला, मुद्दाम शटर एक-पंधरांश सेकंदावर ठेवून पळत्या कळपाबरोबर कॅमेरा फिरवला की पाय पुसट होतात आणि धावणं दिसतं, एक-हजारांशाला तोच विल्डबीस्ट पुतळा होतो. मायग्रेशनचं म्हणाल तर लोक नदी ओलांडण्याच्या त्या उड्यांसाठी जुलै ते ऑक्टोबर मारा नदीवर गर्दी करतात, मान्य, बघण्यासारखं असतंच, पण ते वर्षभराचं चक्र आहे, लाखो विल्डबीस्ट पावसामागे गवत शोधत गोल फिरत असतात आणि साधारण जानेवारीअखेर ते मार्चमध्ये दक्षिणेकडे टांझानियात न्दुतूच्या आसपास त्यांची पिल्लं होतात, काही मिनिटांत उभी राहतात. नदीचा फोटो सगळ्यांकडे आहे. जायचंच असेल तर ते बघा.

प्रत्येक फोटोखाली दोन ओळी लिहा, खऱ्या. हे मी फार कळकळीने सांगते कारण फोटोतली निम्मी लबाडी ओळींमध्ये असते. आ वासलेल्या सिंहाखाली 'जंगलच्या राजाची डरकाळी' लिहिलेलं असतं आणि दहापैकी नऊ वेळा तो जांभई देत असतो. माझ्याकडे असल्या जांभया एक्केचाळीस आहेत, मोजल्यात, त्यातली एक मी कित्येक वर्षं भिंतीवर 'संताप' म्हणून लावली होती. मोठ्या स्पर्धांमध्येही हे होतं, २००९ चा वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर पुरस्कार फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला मिळाला आणि २०१० मध्ये काढून घेतला, कारण तो लांडगा बहुधा शिकवलेला होता असं परीक्षकांचं मत झालं. फोटोग्राफरने ते नाकारलं. पण बघा, फोटो तोच राहिला, एक पिक्सेल बदलला नाही, फक्त खालची ओळ बदलली आणि गोष्ट पडली. आणि हो, गेंडा दिसला कधी तर फोटोचं लोकेशन काढून टाकून मगच कुठे टाका, फोन आपोआप जोडतो ते, शिकारीही फोटो बघतात.

नवऱ्याला लेन्सचं काय सांगायचं ते तुम्ही बघा. ते पैसे त्याच जागी परत जायला वापरलेत, त्याच गाइडकडे, तर मला जास्त आवडेल.

राहिले सासरे. खर्च वाया गेला म्हणता. समोर सिंह असताना एक माणूस शेणकिडा बघतो, मला तर त्या गाडीत तेवढाच एक माणूस सफारीवर होता असं वाटलं. आफ्रिकेतली शेणकिड्याची एक जात रात्री आपला गोळा सरळ रेषेत ढकलत न्यायला आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा धरते, २०१३ साली संशोधकांनी दाखवलंय. खिडकीतून वाकलेल्या त्यांच्या पाठीचा एखादा फोटो असेलच तुमच्याकडे, मागे आउट ऑफ फोकस सिंह असलेला. नसेल तर मुलीच्या फोनमध्ये बघा, मुलं असले फोटो काढतात.

आणि त्यांना विचारा की नऊ दिवस ड्रायव्हरशी ते काय बोलत होते. तुमच्या पत्रात त्या ड्रायव्हरचं नाव कुठेच नाहीये, त्यांना ते माहीत असणार.